पावसाळ्यात बंद राहणाऱ्या घरासाठी ठेव मोडावी का?

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रातला मजकूर थोडक्यात असा. आंजर्ल्याजवळ सासऱ्यांचं चिरेबंदी कौलारू घर आहे. तुम्ही दोघं ठाण्यात राहता, दिवाळीपासून मेअखेरपर्यंत जमेल तसं तिथं जाऊन राहता. गणपती थोरल्या दिरांकडे असतो, त्यामुळे जून ते ऑक्टोबर घराला कुलूप. दिवाळीत दार उघडलं की कुरतडलेल्या गाद्या, तुटलेल्या वायरी आणि माळाभर लेंड्या. दुरुस्तीला वर्षाकाठी सुमारे २५,००० रुपये जातात. आता कौलांवर पत्र्याची शेड घालायला २,४०,००० आणि उंदीर-घुशींच्या वार्षिक कंत्राटाला १८,००० असा अंदाज तुमच्या हातात आहे. त्यासाठी ४ लाखांची ठेव मोडायची का, हा तुमचा प्रश्न.

मोडू नका. ७ टक्के दर धरला तर २,४०,००० वर वर्षाला १६,८०० रुपये व्याज मिळतं. ते सोडायचं, वर कंत्राटाचे १८,००० भरायचे, म्हणजे ३४,८०० झाले. वाचणार जास्तीत जास्त २५,०००, आणि तेही उंदीर पूर्ण थांबले तर. शिवाय मुदतीआधी ठेव मोडली की बँक व्याज कापते ते वेगळंच.

आणि शेडने उंदीर थांबत नाहीत. उलट कौल आणि पत्रा यांच्यामध्ये त्यांना कोरडी जागा मिळते. शेडमुळे शाकारणीचा, म्हणजे कौलं दरवर्षी नीट लावून घेण्याचा खर्च आणि त्यासाठी माणसं शोधायची दगदग वाचते, हे खरं. पण तो गळतीवरचा उपाय झाला आणि घर गळतं असं तुम्ही कुठे लिहिलेलं नाही. खाऱ्या वाऱ्यात पत्रा गंजतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे पत्र्यांचं काय झालं, ते तुमच्या वाडीतल्या कोणालाही विचारा.

पैसे घालायचे ते भोकांवर. उंदराचं पिल्लू जेमतेम ६ मिलिमीटरच्या फटीतून आत येतं, मोठ्या उंदराला बोटभर जागा पुरते. त्यामुळे भिंतीचा माथा आणि वासे यांच्यामधली फट, न्हाणीघराची मोरी, पाइप आणि वायर जिथून आत येतात ती भोकं, मागच्या दाराखालची जागा, हे सगळं गवंड्याला सोबत घेऊन दिवसाउजेडी बघा. आत अंधार करून उभं राहिलात तर उजेडाच्या तिरिपा नेमकी जागा दाखवतात. बारीक भोकांची गॅल्व्हनाइज्ड जाळी, सिमेंटात काचेचा चुरा, दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी. फोम भरू नका, तो ते कुरतडतात. छपरावर आलेल्या फांद्या उंदराला उडी मारता येणार नाही इतक्या मागे छाटा आणि घराला लागून असलेल्या माडांना पत्र्याचा पट्टा मारा, कारण बरेच उंदीर तिथूनच उतरतात. आधी सापळे लावून आतले काढा, मगच भोकं बुजवा. या सगळ्याला ३०,००० ची मर्यादा घाला आणि रक्कम ठेवीतून न घेता दोन वर्षांच्या पेन्शनमधून बाजूला काढा. एका मे महिन्यात सगळं झालं नाही तरी चालेल. मोरी आणि वासे पहिल्यांदा.

विष ठेवून कुलूप लावू नका, हे मी आग्रहाने सांगतो. उंदीर माळ्यावर किंवा भिंतीत मरतो आणि बंद घरात कुजत राहतो. विषारी उंदीर खाऊन घुबडं मरतात, आणि तुमच्या आवारात खरं काम तीच करत असतात.

दुसरा खर्च माणसाचा. शेजाऱ्याला नुसतं ‘जरा लक्ष ठेवा’ म्हणू नका, रीतसर पैसे द्या. महिन्याला १,५०० दिले तरी पाच महिन्यांचे ७,५०० होतात. दर आठवड्याला दार उघडून हवा खेळवायची, सापळे बघायचे, भिंतीला ओल आहे का ते पाहायचं आणि फोटो पाठवायचे. जूनमध्ये कळलेलं भोक शंभर रुपयांत बुजतं, ऑक्टोबरमध्ये कळलं तर गादी गेलेली असते. निघताना धान्य, कडधान्य, अगदी साबणाची वडीसुद्धा मागे ठेवू नका. गाद्या दोरीवर टांगा, फ्रिजचं दार उघडं ठेवा, मेन स्विच बंद करा. कुरतडलेल्या वायरीतून आग लागण्याची भीती त्याने जाते. महावितरणचा स्थिर आकार येत राहील. तेवढ्यासाठी जोडणी तोडू नका.

विमा मात्र घ्या. ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून मिळते. आग, वादळ, पूर त्यात येतात. उंदरांनी कुरतडलेलं सहसा अशा विम्यात बसत नाही. घर सलग पाच महिने बंद असतं हे अर्जातच लिहा आणि तेवढा काळ संरक्षण चालू राहतं का, याचं उत्तर कंपनीकडून लेखी घ्या.

ठेवीबद्दल एवढा हट्ट धरण्याचं कारण तुमच्याच पत्रात आहे: यजमानांच्या औषधपाण्यासाठी दुसरी सोय नाही. आजारपणाचा आणखी खर्च नको, म्हणूनच दिवाळीत घर उघडताना लगेच केरसुणी हातात घेऊ नका. उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो. खिडक्या उघडून हवा खेळू द्या, रबरी हातमोजे आणि बूट घाला, लेंड्यांवर ब्लीचचं पाणी शिंपडून भिजू द्या, मगच पुसून काढा. हाताला किंवा पायाला जखम असेल तर ते काम गड्यालाही नको आणि तुम्हालाही नको.