‘सेल्फ-हीलिंग’साठी मराठी शब्द कोणता?

नागपूरहून विचारणा आहे: हिंगण्यातल्या एका कारखान्याच्या मराठी माहितीपत्रकात ‘सेल्फ-हीलिंग पॉलिमर ब्लेंड’ला (भोक किंवा भेग पडली तर आपली आपण दुरुस्त होणाऱ्या प्लास्टिकच्या मिश्रणाला) ‘स्वयं-उपचारक बहुलक मिश्रण’ म्हटले, ते कामगारांना कळत नाही. दुसरा शब्द आहे का?

आहे. ‘बहुलक’ हिंदीतून आला. पॉलिमरला (लहान रेणूंच्या लांब साखळ्यांच्या पदार्थाला) मराठीतला रुळलेला शब्द ‘बहुवारिक’, आणि कारखान्यात ‘पॉलिमर’च चालू द्या. खरी अडचण ‘उपचारक’ची आहे. उपचार दुसरा कुणीतरी करतो. इथे बाहेरचे कुणी नाही, म्हणून अकर्मक क्रियापद हवे. जखम भरून येते, हाड सांधते, भोक बुजते. यातले कोणते घ्यायचे ते आत काय घडते त्यावर ठरवा.

गोळी लागल्यावर भोक मिटणारा पदार्थ म्हणजे इथिलीन आणि मेथॅक्रिलिक आम्लाचा सहबहुवारिक (दोन्हींच्या रेणूंची मिळून साखळी असलेला पॉलिमर), किंवा सर्लिन या नावाने विकला जातो तसा त्याचा आयनोमर, म्हणजे साखळीत आयन (विद्युतभारित कण) असलेला प्रकार. गोळी आरपार जाताना घर्षणाने आणि ताणाने भोकाची कड वितळते. वितळणबिंदू साधारण 95 अंश सेल्सिअस. सभोवतालचा न वितळलेला भाग ताणलेला असतो, तो झटक्यात मागे येतो आणि वितळलेल्या कडा एकमेकींवर दाबल्या जाऊन चिकटतात. मागे उरतो तो नुसता वण. आयनांमुळेच हे घडते असा समज आहे, पण आयन नसलेला मूळ सहबहुवारिकही बुजतो. याला ‘आपोआप बुजणारा’ म्हणावे.

माहितीपत्रकात मर्यादाही ठळक छापा. खिळा हळूहळू ठोकला तर उष्णता पुरत नाही आणि भोक तसेच राहते. नागपूरच्या 45 अंशांच्या उन्हात तुकडा ठेवूनही ते बुजणार नाही. आघाताने मालच उडून गेला असेल, तर कडा एकमेकींपर्यंत पोचत नाहीत. बुजले की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये. तुकडा पक्का आवळून एका बाजूने हवेचा दाब द्यावा, दुसऱ्या बाजूला साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत.

इपॉक्सीत, म्हणजे घट्ट होणाऱ्या कृत्रिम राळेत, द्रव भरलेल्या सूक्ष्म कुप्या पेरण्याची रीत वेगळी. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात 2001 साली ती दाखवली गेली. भेग कुपीपर्यंत आली की कुपी फुटते, आतला डायसायक्लोपेंटाडाइन हा द्रव भेगेत ओढला जातो, इपॉक्सीत मिसळलेल्या उत्प्रेरकाला (क्रिया घडवणाऱ्या पदार्थाला) भेटून घट्ट होतो. चिवटपणा जास्तीत जास्त 75 टक्के परत आला होता. त्या जागची कुपी एकदाच कामाची. इथे ‘आपोआप सांधणारा’ नेमका बसतो.

‘ब्लेंड’ला ‘मिश्रण’ बरोबर आहे. ‘संमिश्र’ लिहू नका. त्याने काचतंतू घातलेला कंपोझिट डोळ्यापुढे येतो. इथे दोन पॉलिमर एकत्र वितळवून घोटलेले असतात, उदाहरणार्थ वरचा सहबहुवारिक आणि इपॉक्सीकृत (रासायनिक क्रियेने बदललेले) नैसर्गिक रबर. सर्लिनसारख्या आयनोमरचे दाणे ओल धरतात, तेव्हा पिशवी उघडी राहिली तर ते वितळवून केलेल्या तुकड्यात बुडबुडे येतात. ही सूचना पोत्यावरही मराठीतच हवी: ‘तोंड बंद ठेवा, ओल लागू देऊ नका.’