नुसत्या चिरमुऱ्यांवर बाळ कसं वाढंल, अक्का?

निपाणीजवळच्या एका गावातून एका पोरीचं पत्र आलंय. वय तेवीस, माहेर गडहिंग्लजकडचं, लग्नाला वर्ष झालं आणि आता गरोदरपणाचा आठवा आठवडा चाललाय. ती लिहिते, "अक्का, सकाळी डोळे उघडले की पोटात ढवळायला लागतं. चटणीची फोडणी पडली की मी परड्यात पळते. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, आणि जाऊ घरात विड्या वळतात, मीही वळत होते. आता तंबाखूच्या वासानं तिथं उभंसुद्धा राहवत नाही. पोटात टिकतं ते चिरमुरे, आमसूल आणि गार भात. आत्याबाई म्हणतात, दोन जीवांचं खायचं, भाकरी-आमटी संपव. शेजारची मावशी म्हणते, जरा मिश्री लाव, ओकारी बसते. मी बाळाला उपाशी मारतेय का?"

पोरी, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. आठव्या आठवड्यातलं बाळ घेवड्याच्या दाण्याएवढं असतं. त्याला आत्ता जे लागतं ते तुझ्या अंगातल्या साठ्यातून तो दाणा बिनबोभाट उचलतो. 'दोन जीवांचं' जेवण लागतं ते चौथ्या महिन्यापासून, आणि तेही दुप्पट नव्हे. रोजच्यापेक्षा साधारण ३५० कॅलरी जास्त, म्हणजे एक भाकरी आणि वाटीभर डाळ. आत्ताच्या या पाच-सहा आठवड्यांत सकस अन्न म्हणजे जे पोटात टिकतं ते. चिरमुरे टिकत असतील तर चिरमुरे सकस. ताटभर भाकरी-आमटी खाऊन परड्यात ओकलीस, तर ती कुणाच्या कामाला आली?

दहातल्या सात-आठ बायकांना या दिवसांत मळमळ होते. सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, नवव्याला अगदी कळस, मग बारा ते सोळाव्यापर्यंत बहुतेकींची ओसरते. म्हणजे तुझा घाट अजून चढायचा आहे, हे खोटं कशाला बोलू? पण उतार फार लांब नाही.

आणि हे नखरे नव्हेत. अमेरिकेत मार्लेना फेजो नावाच्या संशोधक बाई आहेत. त्यांना स्वतःला गरोदरपणात इतक्या उलट्या झाल्या की घोटभर पाणी गिळवेना, आणि त्यांच्या डॉक्टरांनी ठरवलं की बाई लक्ष वेधून घ्यायला करतेय! त्या बाईंनी पुढची कितीतरी वर्षं याच एका गोष्टीचा पिच्छा पुरवला. २०२३ साली केंब्रिजच्या संशोधकांबरोबर त्यांनी दाखवून दिलं की बाळ आणि वार मिळून जीडीएफ-१५ नावाचं एक संप्रेरक आईच्या रक्तात सोडतात. जिच्या अंगाला आधीपासून त्याची सवय कमी, तिला त्रास जास्त. त्यामुळं जावेला काही झालं नाही आणि तुला झालं, यात जाऊ शूर आणि तू नाजूक असं काही नाही.

आता वासाकडं येऊ, कारण तुझं अर्धं दुखणं तिथंच आहे. मला दिवस गेले तेव्हा आमच्या घरामागच्या बोळात तंबाखूची वखार होती. पोती हलवली की तो उग्र धुरळा खिडकीतून आत यायचा आणि मी तोंडाला पदर लावून बसायची. आमच्या सासऱ्यांनी एक शब्द न बोलता माझी खाट उचलली आणि पुढच्या सोप्यात आणून टाकली. बाकी कुणी काही केलं नाही, पण तेवढ्यानं निम्मा त्रास गेला. तुझीही झोपायची जागा विड्यांच्या सुपापासून आणि चुलीपासून जमेल तेवढी लांब हलव. फोडणी पडायच्या वेळी अंगणात जाऊन बस. अर्धं लिंबू जवळ ठेव, वास आला की ते हुंग. गरम अन्नाला वास जास्त सुटतो, म्हणून तुला गार भात टिकतोय. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

तोच धागा धरून खा. जोंधळ्याच्या कण्या शिजवून पार निवू दे, वर ताजं ताक आणि मीठ घाल, फोडणी नको. सकाळच्याला तांदळाची पातळ पेज, तीही निवलेली, सोबत आमसूल. उकडलेलं रताळं गार करून खा. आपल्या बेळगाव भागात त्याला तोटा नाही, आणि माझा पहिला दीड महिना त्यावरच निघाला. (अजून रताळं दिसलं की मला माझा थोरला आठवतो. त्याला मात्र ते मुळीच आवडत नाही.) मूठभर फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, जमलं तर एक केळ. आणि पोट रिकामं पडू देऊ नकोस. रिकाम्या पोटी मळमळ वाढते. रात्री उशाशी चिरमुऱ्यांचा डबा ठेव, सकाळी डोळा उघडला की पडल्या-पडल्याच मूठभर चाव, पंधरा मिनिटं थांब, मग पाय खाली टाक. दिवसाला तीन जेवणं विसर, दर दोन तासांनी चार घास खा. पाणी जेवणाबरोबर नको, मधल्या वेळात घोट-घोट पी. आल्याचा तुकडा मिठात बुडवून चघळून बघ, आल्यानं खरंच बऱ्याच जणींना आराम पडतो. आमसुलं दिवसाला तीन-चार खुशाल चघळ.

गोळ्यांचं तू लिहिलं नाहीस, तरी सांगते. फॉलिक आम्लाची गोळी या तीन महिन्यांत सोडायची नाही. बाळाचा मणका आणि मेंदू याच काळात घडतो. सकाळी टिकत नसेल तर रात्री झोपताना घे. लोहाच्या गोळ्या साधारण चौथ्या महिन्यापासून सुरू करतात, त्यांनी मळमळ वाढते. आत्ताच कुणी दिल्या असतील तर डॉक्टरांना विचार की थोडं थांबलं तर चालेल का. मळमळीवरही गोळी असते, बी-६ जीवनसत्त्व आणि डॉक्सिलामाइन अशा जोडीची. ती वर्षानुवर्षं गरोदर बायकांना देतात. मागायला संकोच करू नकोस, फक्त दुकानातून परस्पर घेऊ नकोस.

मिश्रीबद्दल मात्र मी कडक बोलणार. आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या बायका दात घासायला मिश्री लावत आल्या, माझ्या आजीनंही लावली. शेजारच्या मावशीनं वाईट हेतूनं सांगितलं असं मी म्हणत नाही. पण मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. तो हिरडीतून रक्तात आणि रक्तातून बाळाकडं जातो, आणि बाळ कमी वजनाचं जन्मतं. मळमळ बसली असं वाटतं ते गुंगीमुळं. एकदा सवय लागली की बाळंतपणानंतरही सुटत नाही. पेस्टच्या फेसानं उमळून येत असेल तर पेस्ट न लावता नुसत्या ब्रशनं घास, नाहीतर दुपारी घास. उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नकोस, आधी चूळ भर.

विड्या वळायचंही तेच. मांडीवर सूप आणि दिवसभर हात तंबाखूत, म्हणजे कातडीतून आणि श्वासातूनही तो अंगात जातो. नाकानं तुला आधीच सांगितलंय, त्याचं ऐक. तुझ्या हातच्या विड्या बंद झाल्या की घरात पैसे कमी येणार हे मला कळतं, आणि आत्याबाईंचा निम्मा राग बहुधा तिथूनच येत असावा. म्हणून पुढचं थोडं त्यांना वाचून दाखव.

आत्याबाई, तुम्ही चुलीपुढं उभं राहून पोरं वाढवलीत, हे कुणी नाकारत नाही. तुमच्या वेळी तुमची फोडणी कुणी दुसऱ्यानं टाकली असती तर बरं वाटलं असतं की नाही? सुनेला महिना-दीड महिना फोडणीपासून आणि सुपापासून सुटी द्या. बदल्यात ती तांदूळ निवडेल, कपड्यांच्या घड्या घालेल, तुमचा विड्यांचा हिशोब वहीत मांडेल. भाकरीचा आग्रह चौथ्या महिन्यासाठी राखून ठेवा, तेव्हा तीच मागून खाईल.

आणि पोरी, तुझ्या त्यांना सांग, आशाताईंकडं नाव घालून तायी कार्ड, म्हणजे गरोदर बाईच्या नोंदणीचं सरकारी कार्ड, काढून आणा, बारा आठवड्यांच्या आत. कर्नाटक सरकारची मातृपूर्ण योजना २०१७ पासून आहे, अंगणवाडीत गरोदर बाईला महिन्यातले २५ दिवस गरम जेवण मिळतं. तुला आत्ता सांबाराचा वास सोसणार नाही, तर आत्ता हट्टानं जाऊ नकोस. मळमळ ओसरली की मात्र हक्कानं जा. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं तर हे कार्ड आणि सगळे कागद पिशवीत घालूनच गडहिंग्लजला जा.

आता तेवढं एक ध्यानात ठेव. पाण्याचा घोटही दिवसभर टिकेना, आठ तासांत लघवी झाली नाही किंवा ती गडद पिवळी झाली, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढं अंधारी आली, उलटीत रक्त दिसलं, ताप आला किंवा पोटात दुखायला लागलं, तर घरगुती उपाय तिथंच थांबव आणि त्याच दिवशी दवाखाना गाठ. वजनाचंही बघ. आधी पन्नास किलो असशील आणि अडीच किलो उतरलं, तरी जा. सलाईन लावली की बहुतेकींना त्याच दिवशी हुशारी येते. दवाखान्यातल्या सिस्टर कन्नडच बोलणाऱ्या असल्या तर घाबरू नकोस. वांतीला कन्नडातही वांतीच म्हणतात. "नीर कुडदरू वांती आगतैति", पाणी प्यायलं तरी वांती होते, एवढं एक वाक्य पाठ कर, म्हणजे पुढचं त्या विचारतील.