तेल महागणार म्हणून मुदत ठेव मोडावी का?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे यंत्रमाग चालवणाऱ्या एका वाचकांनी विचारले आहे की, आखातात युद्ध पेटले की तेल महागणारच, तेव्हा कारखान्यासाठी बाजूला ठेवलेली सहा लाखांची मुदत ठेव मोडून तेल कंपन्यांचे शेअर घ्यावेत का. त्यांच्या मित्राने एमसीएक्स या वस्तुबाजारात क्रूडचा, म्हणजे कच्च्या तेलाचा, वायदाही (पुढच्या ठरावीक तारखेचा सौदा) सुचवला आहे.

ठेव मोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेल महागण्याची आपली भीती अनाठायी नाही. सर्वांत अरुंद जागी जेमतेम 33 किलोमीटर रुंद असलेल्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जगाच्या रोजच्या गरजेपैकी सुमारे एक पंचमांश तेल जात आले आहे आणि भारत तर 85 टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून आणतो. परंतु बातमी आपल्यापर्यंत पोहोचते तोवर बाजाराने ती भावात धरलेली असते. ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेत गिळंकृत केल्यावर दोन-अडीच महिन्यांत तेलाचा भाव दुपटीच्या आसपास गेला. मात्र 17 जानेवारी 1991 रोजी इराकवर प्रत्यक्ष हवाई हल्ले सुरू झाले, तेव्हा तोच भाव एका दिवसात सुमारे एक तृतीयांशाने कोसळला.

शिवाय ‘तेल कंपनी’ या एका नावाखाली दोन निराळे धंदे येतात. हिंदुस्थान पेट्रोलियमसारख्या कंपन्या कच्चे तेल विकत घेऊन पेट्रोल-डिझेल विकतात; 2022 मध्ये तेल भडकले असताना पंपावरचे दर रोखून धरले गेले आणि एप्रिल ते जून या तिमाहीत या कंपनीला दहा हजार कोटींहून अधिक तोटा झाला. ओएनजीसी स्वतः तेल काढते, म्हणून तिला फायदा व्हायला हवा होता. पण 1 जुलै 2022 रोजी सरकारने देशी तेलावर अतिरिक्त कर बसवला आणि त्याच दिवशी तिचा शेअर दहा टक्क्यांहून जास्त घसरला.

वायद्याचे तर नावच नको. 20 एप्रिल 2020 रोजी संपलेल्या क्रूड वायद्याचा हिशेब एमसीएक्सने उणे 2,884 रुपये प्रति बॅरल, म्हणजे शून्याच्याही खालच्या भावाने केला. शंभर बॅरलचा एक लॉट ज्याने खरेदी करून धरून ठेवला होता, त्याची खरेदीची सगळी किंमत तर गेलीच, वर पदरचे 2,88,400 रुपये भरावे लागले.

आता आपल्या कारखान्याकडे पाहू. तेल महागले की न्हावा शेवापर्यंतचे ट्रकभाडे, रंग-रसायने आणि पॅकिंगच्या पिशव्या, सगळेच महागते. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे युरोपकडे जाणारी जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा माल दहा-बारा दिवस उशिरा पोहोचू लागला आणि पैसेही तितकेच लांबले. कामगारांचा आठवड्याचा पगार आणि सूतवाल्याचे बिल मात्र जहाजासाठी थांबत नाही. अशा वेळी जे सहा लाख हाताशी हवेत, तेच आपण तेलावर लावायला निघाला आहात!

ठेव एकच असेल, तर मुदत संपताच तिच्या दोन-दोन लाखांच्या तीन ठेवी, वेगवेगळ्या मुदतीच्या, करून घ्याव्यात. मध्येच सुतासाठी पैसे लागले, तर ठेव न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेवीच्या तारणावर बँकेकडून उचल, घ्यावा. त्याचे व्याज ठेवीच्या दरापेक्षा साधारणतः एक-दोन टक्केच जास्त असते. शेअर घ्यायचेच असतील, तर ते घरखर्च भागून उरलेल्या पैशांतून घ्यावेत आणि त्यातही केवळ तेलाचे घेऊ नयेत.