कमी पटाच्या शाळा एकत्र केल्याने मुलांचा लाभ होतो की हानी?

आपला प्रश्न वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत मिसळण्याविषयी आहे. मी पारशिवनी तालुक्यातील एका द्विशिक्षकी शाळेत नऊ वर्षे शिकवले आणि ती शाळा माझ्या डोळ्यांदेखत बंद झाली. म्हणून माझे मत आधीच सांगते: लहान मुलांच्या जाण्यायेण्याची पक्की सोय झाल्याशिवाय एकही शाळा बंद करू नये.

आमचा पट अकरावर आला, तेव्हा शेजारच्या गावच्या शाळेत समायोजनाचा आदेश निघाला. कागदावर ते अंतर जेमतेम अडीच किलोमीटर होते, परंतु ती पायवाट नाल्यातून जाते. विदर्भात शाळा जूनअखेरीस, म्हणजे ऐन पावसाच्या तोंडावर उघडतात. नाला भरला की डांबरी रस्त्याने वळसा घालावा लागतो आणि तो रस्ता जंगलाच्या कडेने जातो. वाहन देण्याचे आश्वासन मिळाले होते. ते दिवाळीपर्यंत आले, पुढे देयक थकल्यामुळे बंद झाले. तिसरीतील एक मुलगी अस्खलित वाचत असे. तिची आई पहाटेच कापूस वेचायला जाई, त्यामुळे तिला सोडायला कोणी नव्हते. मी दोन रविवारी तिच्या घरी गेले. दोन्ही वेळा धाकटा भाऊ तिच्या कडेवर होता. पुढच्या वर्षी तिचे नाव नव्या शाळेच्या हजेरीपटावर होते, ती मात्र घरीच होती.

नागपुरात राहणारे माझे थोरले बंधू लेखा खात्यातून निवृत्त झाले आहेत. अकरा मुलांमागे दोन शिक्षकांचा पगार हा जनतेच्या पैशाचा अपव्यय आहे, असे दादा आजही म्हणतात आणि मी माझ्या नोकरीसाठी भांडत होते, असेही सुचवतात. वस्तुतः आम्हा दोन्ही शिक्षकांचे दुसऱ्या शाळेत समायोजन झाले आणि पगार त्याच तिजोरीतून चालू राहिला. वाचले ते विजेचे देयक आणि पोषण आहार शिजवणाऱ्या बाईंचे तुटपुंजे मानधन. शिक्षण हक्क कायद्यानुसार साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक द्यावे लागतात, आणि राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असणे अपेक्षित आहे. ही मुलांची हक्काची तरतूद असल्यामुळे तिला उधळपट्टी म्हणणे मला मान्य नाही.

सप्टेंबर 2023 मध्ये शिक्षण आयुक्तालयाने समूह शाळांचे, म्हणजे कमी पटाच्या अनेक शाळा मिळून एक मोठी शाळा करण्याचे, प्रस्ताव मागवले, तेव्हा तोरणमाळ आणि पानशेत येथील उदाहरणे पुढे केली गेली. तोरणमाळची शाळा निवासी आहे. रोज पायी जाणाऱ्या सात वर्षांच्या मुलाला ते उदाहरण लागू होत नाही.

लाभ होतच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. चौथीत एकटाच असलेल्या मुलाला चर्चेला सोबती नसतो, कबड्डीचा संघ होत नाही, आणि एक शिक्षक माहिती भरण्यात अडकला की दुसऱ्याला चारही वर्ग सांभाळावे लागतात. आमच्याकडचा एक अबोल मुलगा मोठ्या शाळेत गेल्यावर स्नेहसंमेलनात निवेदन करू लागला. त्याचे घर डांबरी रस्त्यावर होते आणि वडील त्याला दुचाकीवरून सोडत.

आपल्या गावी असा आदेश आल्यास शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करा, वर्षभराच्या वाहनाची तरतूद लेखी घ्या आणि तोपर्यंत दाखले काढू नका. अधिकाऱ्यांना ती वाट ऑगस्टमध्ये पायी दाखवा. दादांनाही मी आमच्या नाल्यापर्यंत येण्याचा आग्रह दर पावसाळ्यात करते. ते अजून आलेले नाहीत.