सरपण बागेतून वर आणायला लोडर घ्यावा की ट्रॉली?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: राजापूर तालुक्यात घर वर सड्यालगत (कातळाच्या पठाराला लागून), बाग खाली उतारावर. अकेशिया आणि जुनाट काजू तोडून, फोडून ढलप्यांचे ढीग बागेतच पडलेत. मधली वाट म्हणजे दोन गडग्यांमधली (दगडी कुंपणांमधली) पाणंद. हाताशी वीस-बावीस अश्वशक्तीचा, चारही चाकांना ताकद देता येणारा म्हणजे फोर व्हील मिनी ट्रॅक्टर. आगोटीच्या आत, म्हणजे पाऊस सुरू होण्याआधी, सगळं पडवीत यायला हवं, आणि त्यासाठी पुढे लोडर (उचलायची बकेट) बसवावा की छोटी ट्रॉली घ्यावी, हे ठरत नाहीये.

माझं मत विचाराल तर यंदा दोन्ही घेऊ नका. ट्रॅक्टरच्या मागच्या लिफ्टवर (अवजार उचलणाऱ्या हातांवर) उचलता येतील असे लोखंडी पिंजरे आणि त्यांच्याखाली घालायला दोन दांड्यांचा फोर्क, एवढंच करून घ्या. गावातला वेल्डिंगवाला दोन्ही करून देईल.

सरपणाच्या कामात ट्रॅक्टर चालवायला फारसा वेळ लागत नाही. वेळ जातो उचल-टाकीत. फोडलेली ढलपी जमिनीवर पडते, ती उचलून ट्रॉलीत, ट्रॉलीतून खळ्यात, खळ्यातून पडवीत रचायला. म्हणजे चुलीपाशी जाईपर्यंत एकाच लाकडाला तीनदा हात. गडी मिळत नाही अशी सगळीकडे ओरड आहे, आणि मिळालाच तर एप्रिल-मेमध्ये तो आंब्याच्या पेट्या सोडून तुमची लाकडं उचलायला येणार नाही. त्यामुळे कुठलंही अवजार घेताना एकच बघायचं: त्यानं एखादा हात कमी होतो का? लोडरनं होत नाही. ट्रॉलीनं अंतर सोपं होतं, हात तेवढेच राहतात.

लोडरबद्दल थोडं. माती, शेणखत, खडी यांना तो उत्तम. फोडलेल्या लाकडाच्या ढिगात मात्र बकेट शिरतच नाही. ढलप्या पुढे ढकलल्या जातात, बाजूला घरंगळतात, आणि बकेटमध्ये लाकडाइतकाच मुरूम भरतो. वर मिनी ट्रॅक्टरचा पुढचा आस नाजूक. तो भार तोलायला मागे वजन टांगावं लागतं ते वेगळंच. एवढे पैसे शेवटी हातानंच भरायच्या बकेटसाठी घालवू नयेत.

ट्रॉली वाईट नाही, पण तुमच्या पाणंदीत नको. आखूड, दोन चाकी ट्रॉली मागे घेताना लगेच दुमडते, आणि गडग्यांमध्ये वळवायला जागा नसली की अर्धा दिवस त्यातच जातो. पुढे कधी डांबरी रस्त्यानं लांबून लाकूड आणायचं झालं तर जरूर घ्या. तेव्हा लक्षात ठेवा, भार चाकांच्या आसाच्या किंचित पुढे हवा. मागच्या बाजूला जास्त भरलं की ट्रॉलीची दांडी वर उठते, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात आणि चढावर नुसती फिरत राहतात. टिपिंगची असेल तर रिकामी करताना सपाट जागा बघा. आडव्या उतारावर वर उचललेली ट्रॉली कलंडते.

आता पिंजरा. हजार लिटरची पांढरी प्लास्टिकची टाकी ज्या लोखंडी जाळीत बसवलेली येते, ती जाळी भंगारात मिळते. लोटे-परशुराम किंवा महाडच्या औद्योगिक वसाहतींच्या आसपास विचारा. टाकीत बहुधा रसायन असतं, म्हणून टाकी तिथेच सोडायची आणि जाळी स्वच्छ धुऊन आणायची. तळाला लोखंडी पॅलेट असलेलीच निवडा, फोर्क त्यातच शिरतो. लाकडी पॅलेट आपल्याकडे वाळवी एका पावसाळ्यात संपवते.

पूर्ण उंचीचा पिंजरा मात्र वापरू नका. तो सुमारे एक घनमीटरचा असतो. कशाही टाकलेल्या ढलप्यांमध्ये साधारण निम्मी जागा हवेची, तरी ओल्या अकेशियाचं पाचशे किलो सहज भरतं. कंपनीच्या पुस्तकात लिफ्टच्या ताकदीचा याहून मोठा आकडा दिसेल, पण तो बहुतेक वेळा लिफ्टच्या हातांच्या टोकाशी मोजलेला असतो. तुमचा भार त्याच्याही मागे हात-दीड हात. म्हणून जाळी आडवी कापून निम्मी करा आणि उंची दीड-पावणेदोन फूट ठेवा. एका जाळीतून एक पिंजरा, उरलेल्या वरच्या भागाला अँगलचा तळ लावला की दुसरा. असा पिंजरा ओल्या लाकडानं तीनशे किलोच्या घरात जातो, वाळलेल्यानं दोनशेच्या.

तीनशे किलो लिफ्ट उचलेल. प्रश्न पुढच्या चाकांचा आहे. ट्रॅक्टर साडेआठशे किलोचा धरला तर पुढच्या आसावर साडेतीनशेच्या आसपास येतं. मागच्या आसापासून साधारण एक मीटर दहा सेंटिमीटरवर तीनशे किलो टांगलं आणि दोन आसांमधलं अंतर दीड मीटर धरलं, तर पुढचे सव्वादोनशे किलो हलके होतात. उरतात जेमतेम सव्वाशे. ट्रॅक्टरच्या वजनाच्या किमान वीस टक्के भार पुढच्या चाकांवर हवा, म्हणजे इथे एकशे सत्तर. त्याखाली स्टेअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर सरळच जातो, आणि चढावर नाक उचलतो. कंपनीची पुढची वजनं मिळाली तर ती लावा. नाहीतर बंपरपुढे अँगलची पेटी करून त्यात जांभ्याचे तीन चिरे घट्ट बसवा. एक चिरा पंचवीस-तीस किलोचा असतो. आसाच्या पुढे असल्यामुळे ते स्वतःच्या वजनापेक्षा जास्त काम करतात, आणि वरचा हिशेब पुन्हा दोनशेच्या पुढे जातो. दगड नुसते दोरीनं बांधू नका.

हे सगळं सपाटीचं. तुम्हाला भरलेलं घेऊन वर चढायचंय, म्हणून पाणंदीत जो खडा चढ असेल तेवढा उलटा चढा: रिव्हर्समध्ये, भार चढाच्या बाजूला. मान दुखते, पण पुढची चाकं जमीन सोडत नाहीत. पिंजरा जमिनीपासून वीतभरच वर ठेवा. लिफ्टच्या हातांच्या साखळ्या आवळून घ्या, नाहीतर भार डावी-उजवीकडे झुलतो आणि तेवढ्यानंही अरुंद ट्रॅक्टर एका अंगाला जातो. रिकामा पिंजरा घेऊन उतरताना फोर व्हील काढू नका. बरेच जण चढासाठी घालतात आणि उतारावर काढतात, नेमकं उलटं. या ट्रॅक्टरांचे ब्रेक बहुधा मागच्याच चाकांना असतात आणि उतारावर मागची बाजू हलकी होते. फोर व्हील घातलेलं असलं की पुढची चाकंही धरून ठेवतात. दोन्ही ब्रेकच्या पायड्या एकमेकींना अडकवा, खालचा गिअर आधीच टाका, मध्येच क्लच दाबू नका. जांभ्यावर सुटा मुरूम असेल तर तो चाकाखाली गोट्यांसारखा फिरतो. मे महिन्यातल्या एखाद्या अवकाळी सरीनंतर तर तासभर थांबलेलं बरं.

न फोडलेले ओंडके ओढायचे असतील तर साखळी फक्त खालच्या ड्रॉबारला (ट्रॉली जोडायच्या पट्टीला). टॉप लिंकला (लिफ्टच्या वरच्या दांडीला) किंवा सीटखालच्या कुठल्याही उंच जागी बांधून ओढलं आणि ओंडका मुळात अडकला, तर ट्रॅक्टर मागे उलटतो. क्लचवर पाय जाईपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं.

यंदाचे ढीग जमिनीवर आहेत, ते एकदा हातानं भरावेच लागतील. आपल्या भागात ढिगाखाली फुरसं, हा विषारी साप, असतं हे तुम्हाला सांगायला नको. चामड्याचे हातमोजे घाला, आधी काठीनं किंवा दाताळ्यानं वरचा थर ओढून सोडवा, ढिगाखाली बोटं घालून उचलू नका. संध्याकाळी अंधार पडताना तर नकोच. लाल विंचू चावला तर मंत्र-तोडगे न करता सरकारी दवाखाना गाठा. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावसकरांच्या कामामुळे त्यावरचा प्राझोसिन या औषधाचा उपचार कोकणात चांगला माहीत झाला आहे.

पुढच्या वर्षी मात्र फोडतानाच पिंजरा ओंडक्याशेजारी ठेवा आणि ढलपी थेट आत टाका. पौष-माघात फोडून भरलेले पिंजरे बागेतच, उन्हात आणि वाऱ्यावर, चार चिऱ्यांवर ठेवून द्या. एप्रिल अखेरपर्यंत ओल बरीच उतरते, म्हणजे वर नेताना पाणी वाहून न्यावं लागत नाही. पिंजरा तसाच उचलून पडवीच्या कडेला ठेवायचा आणि त्यातूनच बंबाला, चुलीला लाकूड काढायचं. मृगाआधी वरून झापं किंवा पत्रा घाला. बाजू उघड्या ठेवा. ताडपत्रीनं सगळीकडून गुंडाळलं तर लाकूड आत घामेजतं आणि बुरशी धरतं. खाऱ्या हवेत जाळी गंजते, म्हणून दर वर्षी एक हात काळा रंग.

तोडीबद्दल एक सूचना, कारण तुम्ही पुढे बांधावरच्या झाडांचाही उल्लेख केलाय. आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ ही १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, स्वतःच्या जमिनीत असली तरी तोडायला परवानगी लागते. २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगड, श्रीवर्धनकडे पडलेल्या झाडांचं लाकूड बागाबागांत होतं. तसं आपसूक पडलेलं असलं तरी वाहतुकीआधी वनखात्याच्या जवळच्या कार्यालयात विचारून घ्या.

फोर्कचे दांडे किती लांब हवेत हे पॅलेट आणि पाणंदीचं वळण बघून ठरेल. पाणंद सर्वांत अरुंद कुठे आहे तिथली रुंदी, वळणाचा एक फोटो आणि ट्रॅक्टरचं मॉडेल टाका, मग माप देतो.