ख्रिस्ती विश्वास आणि प्रेम रोजच्या जगण्यात कसं उतरवायचं?

तुम्ही विचारलंय की रविवारी प्रवचन ऐकताना डोळे भरून येतात, शेजाऱ्यावर प्रीती करा वगैरे सगळं पटतं, पण सोमवारी तेच घर, तीच माणसं, तोच राग, मग हे जगायचं कसं. मी काही बायबल कॉलेजात शिकलेली नाही, बारावी पास आहे, अचलपूरकडच्या एका खेड्यात आमचं पाच एकर कोरडवाहू वावर आहे, पऱ्हाटी म्हणजे कापूस, आणि तूर. त्यामुळे मोठं काही सांगता येणार नाही, आमच्या घरात काय काय झालं तेवढं सांगते, आणि त्यात आम्ही चुकलो तेच जास्त आहे.

आधी मजुरीचं सांगते कारण तिथं माझं स्वतःचं नाक कापलं गेलं. वेचणीला आमच्याकडे दरवर्षी त्याच आठ-दहा बाया येतात, किलोमागे मजुरी, संध्याकाळी काटा लावून गाठोडी मोजायची आणि बाजाराच्या दिवशी चुकारा. एका वर्षी व्यापाऱ्यानं कापूस उचलला आणि आज देतो उद्या देतो करत पैसे लटकवले, तर मीही बायांचे दोन बाजार तसेच कोरडे जाऊ दिले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही हो, माझ्याच हातात नाही तर देऊ कुठून. आणि त्याच रविवारी पहिल्या वेचणीचं म्हणून आम्ही चर्चमध्ये कापसाचं गाठोडं नेलं, वर पाकिटात पाचशे रुपये, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, पोरानं मोबाईलवर फोटो काढला. सोमवारी वावरात त्यातली एक बाई, वयानं माझ्या आईएवढी, ओटीत कापूस टाकता टाकता मान वर न करता बोलली, "देवाले देलं मंते बाई, मंग आमचं कवा देता?"

मला काही बोलताच आलं नाही. रात्री बायबल काढून बसले. याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात आहे की कापणी करणाऱ्यांची अडकवलेली मजुरी ओरडते आणि ते ओरडणं देवाच्या कानी जातं. आणि ते "शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर" आपण एवढं पाठ म्हणतो ना, येशूनं ते जिथून घेतलं त्या लेवीयच्या 19 व्या अध्यायात ते 18 वं वचन आहे. 13 वं वचन काय आहे माहितीये? मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नको. 9 आणि 10 मध्ये तर वावराच्या कडेचं पीक पूर्ण कापू नको, सरवा म्हणजे कापणीत मागं पडलेलं पीक वेचू नको, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी सोड असं आहे. म्हणजे प्रीतीच्या आधी सरवा, मजुरी, खोटं बोलू नको, बहिऱ्याला शिव्या देऊ नको असं सगळं येऊन जातं, आणि मी लहानपणापासून फक्त 18 वं वचन पाठ केलं होतं, संडे स्कूलमध्ये त्याचं बक्षीसही मिळालं होतं मला.

दुसऱ्या दिवशी बचत गटातून पैसे उचलले आणि चुकारा केला. व्याज आम्ही भरलं, व्यापारी आमचा होता तर बायांनी काऊन भरावं. तेव्हापासून दोन नियम आहेत, बाजाराच्या आदल्या रात्री मजुरीचे पैसे वेगळे काढायचे, आणि सकाळी दवानं कापूस जड येतो म्हणून लोक किलो-दोन किलो कापून मोजतात ते आमच्या काट्यावर नाही. यानं आमचं नुकसान होतं का, होतं. थोडंफार दरवर्षी होतं.

असंच फवारणीचं. 2017 ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली, शेतकरी पण आणि मजूर पण, तुम्ही पेपरात वाचलं असेल. त्या वर्षी बोंडअळी होती आणि पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढली होती, फवारा सरळ तोंडावर यायचा. आमचे हे तेव्हापासून मजुराला मास्क आणि हातमोजे आणून देतात, पण खरं सांगू, दुपारच्या उन्हात तो मास्क कोणी ठेवत नाही, जीव गुदमरतो, काढून खिशात टाकतात. मग आपण म्हणायचं आम्ही तर दिला होता. त्यात कसली आली प्रीती, ती आपली पावती झाली. शेवटी आम्ही ठरवलं की सकाळी ऊन तापायच्या आत जेवढं होईल तेवढंच मारायचं, वारा सुटला की बंद, आणि रोजी पूर्ण दिवसाची. काम दोन दिवसांचं चार दिवसांवर जातं. गावातले लोक म्हणतात यांच्याकडे पैसा जास्त झालाय. पैसा कुठला, उधारीवर औषध आणतो आम्ही!

तुम्ही विचाराल की मनातून प्रेम वाटत नसेल तर हे सगळं नाटक नाही का. मलाही वाटायचं, म्हणून माझ्या मावशीचं सांगते.

परतवाड्याजवळ कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांचा मिशनचा जुना दवाखाना आहे, मावशी तिथं कामाला होती. तिचं काम काय तर पेशंटचे पाय टबात भिजवायचे, वीस-पंचवीस मिनिटं, मग जाड झालेली कातडी हळू हळू घासून काढायची, ओल टिकावी म्हणून तेल लावायचं. या आजारात नसा मरतात, पायात काटा गेला, चटका बसला तरी कळत नाही, जखम चिघळत जाते आणि मग बोटं जातात. आता गोळ्यांनी आजार सहा महिन्यात, फार तर वर्षात बरा होतो, पण मेलेली नस परत येत नाही म्हणून पाय जन्मभर सांभाळावे लागतात. मी शाळेत असताना सुट्टीत तिच्याकडे गेले होते, तो वास, ते पाय पाहून मी बाहेर जाऊन ओकले. रात्री तिला विचारलं, मावशी तुला किळस नाही येत? मला वाटलं ती आता येशूनं शिष्यांचे पाय धुतले ते सांगेल. ती म्हणाली, "येते नं. सोमवारी तं लयच येते, रविवारची सुट्टी झाल्यावर." आणि पोळी लाटत राहिली.

आमच्या चर्चमध्ये गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी पाळकसाहेब बारा माणसांचे पाय धुतात. ती बारा माणसं घरून साबणानं पाय धुऊन, कोणी कोणी नवे मोजे घालून येतात. वाईट काही नाही त्यात, पण मला दरवर्षी मावशीचा टब आठवतो आणि हसू येतं. मावशी कोणाशी गोड बोलायची नाही, पेशंटवर पण ओरडायची, चप्पल काऊन नाही घातली म्हणून. रिटायर झाली तेव्हा मात्र तिच्या पेशंटांनी वर्गणी करून तिला लुगडं घेतलं. तर मनातून प्रेम वाटण्याचं मला विचाराल तर त्याची वाट पाहू नका, ते कधी येतं कधी सोमवारी येत नाही.

एक गोष्ट मात्र कराल तर सांभाळून करा. आपल्या इकडे ख्रिस्ती माणसानं मदत केली की लोक आधी विचार करतात, हा बाटवायला तर नाही आला. त्यांचं अगदीच चुकतं असंही नाही, काही उत्साही लोक डब्यासोबत पत्रक पाठवतात. माझं म्हणणं, भुकेल्याच्या डब्यात फक्त भाजी-पोळी ठेवा. आम्हाला शाळेत पोरं चिडवायची, पोटासाठी बाटले म्हणून. माझे पणजोबा छप्पनच्या दुष्काळात म्हणजे 1899-1900 ला अनाथ झालेले पोरगं, मिशनच्या लोकांनी उचलून आणलं आणि खाऊ घातलं. मी लहान होते तेव्हा मला या गोष्टीची लाज वाटायची, आता नाही वाटत. हो, पोटासाठी, मग? त्याच्या आधीच्या दुष्काळात, 1896-97 ला, पंडिता रमाबाई मध्य प्रांतात येऊन शेकडो मुली-बायांना पुण्याकडच्या केडगावला घेऊन गेल्या, कारण त्यांचे स्वतःचे आईवडील उपासमारीत गेलेले त्यांनी डोळ्यानं पाहिले होते. भूक पाहिलेलं माणूस भाकरीला हलकं म्हणत नाही.

आणि ही काही फक्त आपली मक्तेदारी नाही. गाडगेबाबा आमच्याच जिल्ह्यातले, शेंडगावचे. त्यांचा तो संदेश एसटी स्टँडवर, शाळेच्या भिंतीवर लिहिलेला असतो, भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, उघड्यानागड्यांना वस्त्र, बेघरांना आसरा, रोग्यांना औषधोपचार. आता मत्तयचा 25 वा अध्याय काढा, मी भुकेला होतो, तान्हेला होतो, परका होतो, उघडा होतो, आजारी होतो. क्रमसुद्धा जवळपास तोच! मुक्या प्राण्यांना अभय वगैरे मात्र बाबांनी वरून घातलं. 20 डिसेंबरला बाबांची पुण्यतिथी असते, आमच्या नाताळच्या पाच दिवस आधी, तेव्हा गावात अन्नदान असतं, भाजी चिरायला मी जाते. आमच्या मंडळीतल्या एक-दोघींना ते आवडत नाही. नसू द्या.

आता धुऱ्याचं, म्हणजे वावराच्या बांधाचं सांगते, ते सगळ्यात कठीण. परक्यावर प्रेम सोपं आहे हो, तो संध्याकाळी आपल्या घरी जातो. आमच्या वावराला लागून माझ्या चुलत भासऱ्यांचं, म्हणजे ह्यांच्या थोरल्या चुलत भावाचं वावर, वाटणीतलं, आणि ते पण आमच्याच चर्चमधले. एका उन्हाळ्यात त्यांनी नांगरटीला ट्रॅक्टर लावला आणि धुरा खाल्ला, दोन तास, म्हणजे नांगराच्या दोन ओळी, आमच्याकडे सरकला. त्यांचं म्हणणं ड्रायव्हर नवीन होता. आमच्या ह्यांचं म्हणणं ड्रायव्हरला कोणी सांगितलं होतं. बस, तीन वर्षं बोलणं बंद. चर्चमध्ये ते खिडकीकडे बसायचे, आम्ही दाराकडे. त्यांच्या पोरीच्या लग्नाला आम्ही गेलो नाही, आमच्या पोराच्या चर्चमधल्या दृढीकरणाच्या विधीला ते आले नाहीत. ह्यांनी मोजणीचा अर्ज भरायची तयारी केली होती. आणि या तीन वर्षांत मी दर रविवारी प्रभूच्या प्रार्थनेत "आम्ही आपल्या ऋण्यांस सोडले आहे" म्हणत होते, तोंडपाठ आहे, जीभ अडखळत नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत सगळे भाकर घेतात. एकदा ताट सासूबाईंपाशी आलं आणि त्यांनी हात मांडीवरच ठेवला. ताट पुढं गेलं. सत्तरीच्या पुढचं माणूस, कधी प्रभुभोजन चुकवलं नाही. मला वाटलं चक्कर आली. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, सगळ्या चर्चनं पाहिलं. घरी येताना ह्यांनी चिडून विचारलं, आई हे काय लावलं तू? त्या म्हणाल्या, "मत्तयमंदी काय लिवलं हाये? वेदीपाशी आठवलं का भावाचं तुह्याशी वाकडं हाये, तं दान तिथंच ठेव न् पयले भावाकडं जाय. मले तं आठवते बापा. दोन्ही पोट्टे माह्याच अंगणात खेळले. मी कोण्या तोंडानं भाकर घेऊ?"

म्हणजे भांडण आमचं आणि उपास त्यांनी धरला.

हे लगेच उठून गेले वगैरे काही झालं नाही. पंधरा दिवस घरात धुसफूस, मलाच ऐकावं लागलं की तू आईला शिकवलं. मग एक दिवस आमचा फवारणीचा पंप बिघडला, गावात दहा जणांकडे पंप आहेत, पण हे भासऱ्यांच्या दारात गेले. भासऱ्यांनी पंप काढून दिला, नोझल बदलून दिलं. जाऊबाईंनी चहा ठेवला. दोघं पावसावर बोलले, सोयाबीनच्या भावावर बोलले, कोणी माफी मागितली नाही, कोणी रडलं नाही, धुऱ्याचं नाव निघालं नाही. पुढच्या पहिल्या रविवारी सासूबाईंनी भाकर घेतली.

धुरा अजून वाकडाच आहे. ते दोन तास त्यांच्याकडेच आहेत, मोजणीचा अर्ज कपाटात पडलाय. आणि तुम्हाला वाटत असेल की आमच्या मनातून गेलं, तर नाही गेलं, वखरणीच्या वेळी मी आजही तिथं उभी राहून तास मोजते, मोजून झाल्यावर कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून मागे वळून बघते. तुम्ही म्हणता सोमवारी तोच राग असतो, तर भाऊ, आमच्याकडे मंगळवारी पण असतो. फक्त आता बोलणं चालू आहे.

धुऱ्यावर चार तुरीची झाडं आहेत, ती कोणी लावली कोणालाच आठवत नाही, त्याच्या शेंगा कोणी तोडायच्या हेही ठरलेलं नाही. मागच्या डिसेंबरात मी सोल्यासाठी, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांसाठी, शेंगा तोडायला गेले तर झाडं साफ. माझं डोकं फिरलं, घरी येईपर्यंत काय काय बोलायचं ते सगळं ठरवलं होतं. संध्याकाळी जाऊबाईंचा पोरगा सोले-वांग्याच्या भाजीचा डबा घेऊन दारात. मीठ कमी होतं, पण तिच्या हाताला आधीपासूनच मीठ कमी आहे. डबा रिकामा कसा पाठवायचा म्हणून मी त्यात नाताळच्या करंज्या भरल्या.