हिरा घेण्यापूर्वी त्याची प्रत कशी ओळखावी?

साखरपुड्यासाठी अर्ध्या कॅरेटच्या हिऱ्याची अंगठी घ्यायची असून नागपुरातील दोन दुकानांनी एकाच वजनाच्या हिऱ्याच्या किमती फार वेगवेगळ्या सांगितल्या, तेव्हा प्रत कशी पारखावी, असे आपण विचारले आहे. मी जवाहिऱ्या नाही. जे कळले आहे ते मुलीच्या लग्नात एकदा फसगत झाल्यानंतर कळले आहे.

तेव्हा मी इतवारीतील एका पेढीवर हिऱ्याच्या कुड्या घेतल्या. विक्रेत्याचा सारा भर ‘व्हीव्हीएस’ या तीन अक्षरांवर, म्हणजे निर्मळतेच्या एका उंची श्रेणीवर होता आणि दुकानातील बारीक प्रखर दिव्यांखाली त्या कुड्या लखलखतही होत्या. घरच्या ओसरीत मात्र त्यांचा मधला भाग निस्तेज दिसू लागला. पुढे ओळखीच्या एका कारागिराने भिंगातून पाहून सांगितले की, खडे निर्मळ आहेत, पण त्यांचा तळ उथळ घासला आहे, त्यामुळे वरून आत गेलेला प्रकाश परत न येता खालूनच निसटतो.

म्हणून माझ्या मते सर्वांत आधी कट पाहावा. कट म्हणजे आकार नव्हे, तर पैलूंची प्रमाणे आणि घासणी. गोल ब्रिलियंट हिऱ्याला 57 किंवा 58 पैलू असतात. तळाचे कोन नेमके असतील तर प्रकाश आत दोनदा परावर्तित होऊन डोळ्यांकडे परततो. तळ फार खोल असेल तर मध्यभाग काळसर दिसतो, शिवाय वजन पोटात दडून राहिल्याने हिरा वजनाच्या मानाने लहान वाटतो. अर्ध्या कॅरेटच्या चांगल्या गोल हिऱ्याचा व्यास साधारण 5.1 मिलिमीटर भरतो. हिऱ्यासोबतच्या प्रयोगशाळेच्या अहवालात तो 4.8 लिहिला असेल तर उरलेल्या वजनाचे पैसे आपण न दिसणाऱ्या भागासाठी मोजत आहात. अहवालात कटची श्रेणी ‘एक्सलंट’ किंवा निदान ‘व्हेरी गुड’ असावी. जीआयए ही हिरे तपासून अहवाल देणारी संस्था संपूर्ण कटची श्रेणी फक्त गोल हिऱ्याला देते, त्यामुळे बदामी किंवा चौकोनी हिरा घेताना डोळ्यांवरच अधिक भिस्त ठेवावी लागते.

अंगठी दुकानाच्या दिव्यांपासून दूर, दाराशी सावलीत नेऊन पाहावी. आपल्याकडच्या रणरणत्या उन्हात नेऊ नये, कारण थेट उन्हात सुमार खडाही ठिणग्या टाकतो.

रंगाची श्रेणी डीपासून झेडपर्यंत असते आणि डी म्हणजे पूर्ण रंगहीन. पिवळ्या सोन्यात बसवायचा असेल तर डीसाठी जादा पैसे मोजणे मला व्यर्थ वाटते; तेथे जी-एच पांढराच दिसतो, आय-जेदेखील सहसा खपून जातो.

निर्मळता दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली ठरवतात. व्हीव्हीएसच्या खालच्या व्हीएस-2 प्रतीतील दोष, आणि बऱ्याचदा तिच्याही खालच्या एसआय-1 मधीलही, नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. दोष किती आहेत याइतकेच ते कोठे आहेत हेही पाहावे: वरच्या सपाट पैलूखालचा काळा ठिपका खुपतो, तर कडेचा ठिपका कोंदणाच्या नखीखाली झाकला जातो. मात्र कडेला चीर असेल तर तो हिरा टाळावा, कारण हिरा कितीही कठीण असला तरी ठरावीक दिशेने आघात झाल्यास त्याचा टवका उडतो.

वजनाच्या बाबतीत एका शब्दाने घोटाळा होतो. सोन्याचा कॅरेट शुद्धता सांगतो, हिऱ्याचा कॅरेट वजन. एक कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम, म्हणजेच 100 सेंट. अंगठीचे एकूण वजन 4.20 ग्रॅम आणि हिरा 50 सेंटचा असेल तर सोने 4.10 ग्रॅमच धरले पाहिजे. तेवढी वजाबाकी बिलावर दिसते का, हे पाहावे. पूर्ण अर्ध्या कॅरेटचा हट्ट सोडून 47-48 सेंटचा हिरा घेतल्यास डोळ्यांना फरक जाणवत नाही आणि दर बहुधा कमी लागतो.

आता अहवालाविषयी. दुकानाने स्वतः छापलेले कार्ड हा अहवाल नव्हे. जीआयए किंवा आयजीआय यांसारख्या स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल मागावा, तो तिच्या संकेतस्थळावर ताडून पाहावा आणि हिऱ्याच्या कडेवर लेझरने क्रमांक कोरलेला असल्यास तो भिंगातून जुळवून घ्यावा. अंगठीवरील हॉलमार्क आणि सहा अक्षरांकांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक केवळ सोन्याची ग्वाही देतो, हिऱ्याची नव्हे. हिरा तपासायला दुकानात ठेवलेल्या ‘टुक’ वाजणाऱ्या पेनवरही विसंबू नये. उष्णतेवर चालणारे पेन प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यालाही वाजते, इतकेच काय, हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या मोझोनाइट या निराळ्याच खड्यालाही वाजते. प्रयोगशाळेतला हिरा खोटा नसतो, तोही कार्बनचाच असतो, परंतु तो बराच स्वस्त मिळतो आणि मोडीत त्याला फारसे मोल येत नाही. आपल्याला सांगितलेल्या दोन किमतींमधील तफावतीचे कारण कदाचित हेच असेल, म्हणून दोन्ही दुकानांत हा प्रश्न थेट विचारावा. बिलावर ‘नैसर्गिक’ की ‘प्रयोगशाळेतील’ हे, अहवालाचा क्रमांक, हिऱ्याची किंमत, घडणावळ आणि परत घेण्याची अट वेगवेगळी लिहून घ्यावी. हे लिहून देण्यास जी पेढी तयार नसेल, तेथून मी तरी उठून येईन.